वाशीममधलं फिलिपिनो साहित्य

वाशीममध्ये एक वर्ष फिलिपाइन्सच्या प्रादेशिक साहित्याचा अभ्यास झाला, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसण्यासारखंच होतं. फिलिपाइन्स नकाशात नेमकं कुठं आहे हे आमच्या अभ्यासमंडळात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघांचं एकमत नव्हतं.

पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होता, मोठी कामं नागपूरला होत, आणि आमच्याकडल्या शहाण्यांना आशिया नावाचं नवं वेड लागलं होतं. रोजच्या वर्तमानपत्रात आशियातली राष्ट्रं एकमेकांच्या गळ्यात गळे घालत होती. मग वाशीमनं मागं राहून कसं चालेल?

मंडळाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. तरुणपणी कायदा शिकायला ते दोन वर्षं पुण्याला राहिले होते आणि त्या दोन वर्षांवर त्यांनी पुढची तीस काढली. बोलणं अगदी शुद्ध, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी. फक्त गाडीवानावर चिडले की त्यांच्या तोंडून असं अस्सल वऱ्हाडी बाहेर पडे की बैलसुद्धा कान टवकारत. पण ते मंडळाच्या कामकाजात धरलं जात नसे.

चिटणीस आमचे मराठीचे मास्तर. मी त्यांच्याच वर्गात मॅट्रिकला होतो. वासरात लंगडी गाय शहाणी, तसे ते मंडळातले साहित्यिक. त्यांच्याकडे एक वही होती आणि त्या वहीत निबंधाचा एकच साचा होता. सुरुवातीला संस्कृत सुभाषित, मग विषयाची व्याख्या, मग तीन फायदे, एक तोटा, आणि शेवटी उज्ज्वल भवितव्याची आशा. गाय असो, लोकशाही असो, नाहीतर माझा रेल्वेचा प्रवास असो, सगळ्यांना तोच अंगरखा. आमच्या वर्गात जो मुलगा कधी रेल्वेत बसला नव्हता त्याला प्रवासाच्या निबंधात जास्त गुण पडत, कारण त्याच्या प्रवासात कोळशाचे कण डोळ्यात जात नसत आणि शेजारचा माणूस बिड्या ओढत नसे. मी जऊळक्याचा, वाशीमला एका नातेवाइकाकडे राहून सुटीला गाडीनं जा-ये करणारा, मला खरंच काय दिसतं ते लिहायची खोड होती. मास्तर त्याच्याखाली लाल शाईनं लिहीत, ‘अनावश्यक.’

आता ह्या मंडळींच्या हाती फिलिपाइन्स लागलं कसं, ते सांगतो. मिशनच्या बंगल्यात एक म्हाताऱ्या अमेरिकन मडम होत्या. हिंदुस्थानात येण्याआधी काही वर्षं त्या फिलिपाइन्समध्ये काम करून आल्या होत्या. मायदेशी परत जाताना त्यांनी पुस्तकांची एक पेटी मंडळाला भेट दिली. त्यातली धर्माची पुस्तकं मंडळानं मोठ्या आदरानं माळ्यावर टाकली. उरलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळे नाव कुणालाच कळलं नाही. मनिलाला छापलेलं होतं एवढं शेवटच्या पानावरून दिसे. आत तिकडच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी लिहिलेले निबंध होते, आणि प्रत्येकानं आपल्या प्रांतातल्या गाण्यांबद्दल, गोष्टींबद्दल, कोड्यांबद्दल लिहिलं होतं. कुणी इलोकानो, कुणी बिसाया, कुणी बिकोल.

वकीलसाहेबांनी पुस्तक हातात घेऊन जाहीर केलं की ह्या वर्षी मंडळ ‘निबंधांद्वारे प्रादेशिक फिलिपिनो साहित्याचे अध्ययन’ करील. प्रत्येक सभासदानं त्यातला एक निबंध वाचायचा, त्यावर आपला निबंध लिहायचा आणि रविवारी सभेत वाचायचा. टाळ्या झाल्या. खरं सांगायचं तर पुस्तक एक होतं आणि ते वाचलं एकट्यानं. मी. सभासदांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण त्यांना वेळ नव्हता. ज्याची पाळी असेल तो पुस्तक माझ्याकडे पाठवी आणि म्हणे, ‘जरा सारांश काढून दे.’ मी सारांश काढून देई. रविवारी माझाच सारांश सुभाषित डोक्यावर आणि उज्ज्वल भवितव्य पायात घालून व्यासपीठावर येई, आणि मीच सतरंजीवर बसून टाळ्या वाजवी.

हे सगळं मी निमूट करत होतो त्याला कारण होतं. अमरावतीला एका संस्थेचं वसतिगृह होतं. वकीलसाहेबांचे तिथल्या लोकांशी संबंध होते, आणि त्यांच्या शिफारसपत्रावर दरवर्षी आमच्या भागातल्या एका मुलाला तिथं फुकट राहायला-जेवायला मिळे आणि कॉलेज करता येई. त्या वर्षी साहेबांनी सांगून टाकलं होतं की मंडळात जो विद्यार्थी उत्तम निबंध वाचील, पत्र त्याच्या नावानं जाईल. माझ्या बापानं आपलं आधीच सांगितलं होतं.

“मॅट्रिक झालं का घरी ये. तुह्या वयाचे पोट्टे दोन दोन बैलं हाकून राह्यले.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटायचं की मॅट्रिकपुढचं शिक्षण म्हणजे रिकाम्या लोकांचा धंदा आहे, आणि मंडळातली माणसं पाहून मलाही ते खोटं वाटत नसे. पण मला त्या शेतात जायचं नव्हतं. जू मानेवर घेण्याची नुसती कल्पना आली की माझा जीव गुदमरे. ते पत्र मला हवं होतं. इतकं हवं होतं, की पुढं मी काय केलं ते सांगायला मला आज साठीनंतरही लाज वाटते.

घरात माझ्या बाजूनं एकच माणूस होतं, माझी आत्या. बापाची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन परत आली ती कायमची. अक्षरओळख नाही. बापाला एकेरीत बोलू शकणारी घरात तीच एक. ती त्याला म्हणे, “त्याले जाऊ दे. तुह्या बैलायले तू पुरतं.”

आत्याची एक ख्याती होती. ती कोडी घाली. कापसाच्या वेचणीला बायांची ओळ पऱ्हाटीतून सरकू लागली की आत्या सुरू होई. बाकीच्या बाया बोंडं वेचता वेचता डोकं खाजवत. आमच्याकडे रीत अशी होती की कोडं सुटलं नाही तर हरणारीनं गाव द्यायचं. तोंडीच. ‘मेडशी देलं’ म्हणायचं, ‘केनवड देलं’ म्हणायचं, की मग आत्या उत्तर सांगे. दुपारची भाकरी सोडेपर्यंत आत्याकडे अर्धा मुलूख जमा झालेला असे. एखादी म्हणे, “मावशी, तुह्यापाशी त कलेक्टरापेक्षा जास्ती गावं झाले वं.” आत्यानं मात्र कुणाला कधी गाव दिलं नव्हतं. तिला न सुटणारं कोडं त्या पंचक्रोशीत नव्हतंच, कारण बहुतेक तिनंच रचलेली असत.

“खाली जाते उपाशी, वर येते पोटुशी.” ही विहिरीवरची मोट.

“हिरवं घर, ना दार ना खिडकी. फुटलं त आत पांढरी नवरी.” हे कापसाचं बोंड.

“दोघं भाऊ संगं निंगले, जलमभर चालले, पन भेटले नाई.” ही गाडीची चाकं.

लहानपणी मी तिच्या मागं मागं ओटीत कापूस टाकत फिरलो आणि ही कोडी ऐकली. मला त्यांचं काही विशेष वाटत नसे. ती होती, जशी पऱ्हाटी होती.

मग त्या वाळवी लागलेल्या पुस्तकात मला एक निबंध सापडला. तिकडच्या उत्तरेकडल्या प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं लिहिला होता. मी तो शाळेचा शब्दकोश मांडीवर घेऊन आठ दिवस वाचला. त्याची सुरुवात सुभाषितानं नव्हती, आईच्या चुलीपासून होती. भात कापून झाल्यावर त्याच्या गावची माणसं बांधावर बसून एकमेकांना कोडी घालत. तो राजधानीत शिकायला आला तेव्हा त्याच्या बोलण्याला मुलं हसली, म्हणून त्यानं ती बोली तोंडातून काढून टाकली. मग एकदा त्याला शिक्षकांनी विचारलं, तुमच्या प्रांतात साहित्य आहे का? आणि तो ‘नाही’ म्हणाला. त्या ‘नाही’ची लाज वाटून त्यानं हा निबंध लिहिला होता.

निबंध असा लिहिता येतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला मास्तरांचा राग आला आणि आनंदही झाला, दोन्ही एकाच वेळी. बसल्या बैठकीला मी माझा निबंध लिहून काढला. त्या मुलाच्या गावचा बांध आणि आमची वेचणी मी शेजारी शेजारी ठेवली. आत्याची कोडी तिच्या शब्दांत घातली. गाव द्यायची रीत सांगितली. आणि लिहिलं की समुद्रापलीकडच्या त्या माणसाला वाशीम माहीत नाही, पण त्याचं दुःख वाशीमला माहीत आहे. आयुष्यात मी पुष्कळ लिहिलं. तेवढं बरं मला पुन्हा साधलं नाही.

मास्तरांनी तो वाचला. वाचता वाचता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या.

“अरे, विषय फिलिपाइन्स. त्यात ही आत्या कुठून आली?”

मी म्हणालो, तुलनेसाठी.

“तुलना कुणाशी करायची असते? कालिदासाशी कर, भवभूतीशी कर. ‘पोटुशी’ काय? सभेत बायकामुलं असतात.”

सभेत बायका कधीच नसत. मुलं म्हणजे आम्हीच मॅट्रिकवाले.

“आणि हे असं बोलणं निबंधात लिहिलंस तर अमरावतीचे लोक काय म्हणतील? वाशीमला अजून असं बोलतात?” मास्तर स्वतः घरी असंच बोलत. मी त्यांच्या बायकोला ‘काहून’ म्हणताना ऐकलं होतं, आणि उत्तरात मास्तरांना ‘कायले’ म्हणतानाही. पण शाळेच्या फाटकात शिरले की त्यांच्या जिभेला इस्त्री होई. त्यांनी माझ्या कागदावर लाल शाईनं आत्या आडवी खोडली, पानभर, आणि समासात लिहिलं, ‘विषयांतर. ग्राम्य.’ मग थोडे मऊ झाले आणि म्हणाले, “कोड्यांची कल्पना चांगली आहे. पण तिकडची कोडी दे. आठ-दहा तरी पाहिजेत. त्याशिवाय संशोधन वाटत नाही. रविवारी वाचायचंय. साहेबांनी पत्राचं ठरवलंय, तुला ठाऊक आहे.”

तिकडची कोडी त्या पुस्तकात दोनच होती. एक कुठल्याशा माशाचं आणि एक कुठल्याशा झाडाचं. तो मासा मी पाहिलेला नव्हता आणि ते झाड शब्दकोशात नव्हतं. मी मास्तरांना हे सांगू शकलो असतो. दोनच आहेत आणि तीही मला उमगली नाहीत, एवढं खरं बोलायला काही फार मोठं धैर्य लागत नाही. मी ते बोललो नाही. मी नातेवाइकाच्या घरी आलो, खोडलेले कागद पुढं घेतले आणि आत्याची सगळी कोडी उचलून समुद्रापार नेऊन टाकली.

ह्या लोकांचा सूड घ्यायचा म्हणून मी ते केलं, असं पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मी घाबरून केलं.

कापसाच्या बोंडाचा मी नारळ केला. ते फार सोपं गेलं, नारळही बाहेरून हिरवा आणि आतून पांढरा. गाडीच्या चाकांची होडीची वल्ही केली. मोटेचं बांबूचं पोहरं केलं. आणि भाषा अशी केली की मास्तरांना घाम फुटावा. ‘खाली जाते उपाशी, वर येते पोटुशी’ याचं मी केलं, ‘गमनकाली रिक्तोदरा, आगमनकाली गर्भिणी.’ पोटुशी सभेत चालत नव्हती, गर्भिणी चालली. राहता राहिली गाव द्यायची रीत. तिकडे हजारो बेटं आहेत, म्हणून मी लिहिलं की फिलिपिनो शेतकरी कोड्यात हरला की एक बेट देतो. सुरुवातीला सुभाषित घातलं. शेवटी आशियाच्या उज्ज्वल भवितव्याची आशा व्यक्त केली. मास्तरांनी वाचून पहिल्यांदाच माझ्या निबंधाखाली लाल शाईनं ‘उत्तम’ लिहिलं.

रविवारी सकाळी आत्या जऊळक्याहून गाडीनं वाशीमला आली. मी ज्या नातेवाइकाकडे राहत होतो त्याच्याकडे दर महिन्याला ती ज्वारी आणि डाळ घेऊन येई. त्या दिवशी तिला कळलं की आज माझं वाचन आहे, आणि ती म्हणाली, “मी येते. पोट्टा भाषण करून राह्यला, मंग आमी कायले घरी बसाचं?” मी तिला टाळायचा प्रयत्न केला. तुला कळणार नाही, असं म्हणालो. ती म्हणाली, “नाई कळलं त नाई कळलं. तुले पाहीन.”

सभा शाळेच्या दालनात. मंडळी खुर्च्यांवर. आत्या दाराच्या उंबऱ्याशी पदर सावरून बसली. मी वाचायला उभा राहिलो आणि पहिल्यांदा मनात आलं की ही भाषा तिला खरंच कळू नये. इतकं संस्कृत मी घातलं होतं ते मास्तरांसाठी, पण त्या क्षणी ते मला तिच्यासाठी हवं होतं. मी भराभर वाचलं. नारळ गेला, वल्ही गेली, पोहरं गेलं. मी दाराकडे पाहिलं नाही.

मंडळी वेडी झाली. वकीलसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, “काय प्रतिभा! नारळाच्या गर्भात वधू! सागराच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसालाच हे सुचणार.” एक सावकार, ज्यांच्या स्वतःच्या शेतात दरवर्षी बायांच्या ओळी कापूस वेचत, ते म्हणाले की बेट देण्याची कल्पना फार उदात्त आहे, त्यातून त्या लोकांची औदार्यवृत्ती दिसते. आयुष्यभर ते आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच उभे होते आणि धुऱ्याच्या आत काय बोललं जातं ते त्यांच्या कानावर कधी पडलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. ह्या माणसांच्या शेतात पिकत होतं, आणि त्यांना ते नारळ लावून, मनिलाचा शिक्का मारून दिल्याशिवाय दिसत नव्हतं. मी आजवर पुष्कळ मूर्ख पाहिले. इतके आत्मसंतुष्ट मूर्ख एका छपराखाली पुन्हा पाहिले नाहीत.

मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले. “तू खेड्यातला. खरं सांग, तुमच्याकडे आपल्या कुणब्यांत असं काही आहे का?”

मी म्हणालो, “नाही.”

म्हणताना मला त्या पुस्तकातला मुलगा आठवला. तोही ‘नाही’ म्हणाला होता. पण त्यानं निबंध ‘नाही’ म्हटल्यावर लिहिला. मी लिहून झाल्यावर ‘नाही’ म्हणालो.

तेवढ्यात साहेबांचं लक्ष दाराकडे गेलं. “ह्या कोण?”

मास्तर म्हणाले, “ह्याची आत्या. खेड्यावरून आलीय.”

साहेब खुशीत होते. “अरे वा! या बाई, जरा पुढं या. आता आपण प्रयोगच करू.” आत्या उठून दोन पावलं आत आली. साहेबांनी माझा कागद घेतला, आणि बाईला कळावं म्हणून ते संस्कृत उतरवून अगदी सोपं करून विचारलं. त्यांना कल्पना नव्हती की ते काय करताहेत. “सांगा बघू. हिरवं घर आहे. दार नाही, खिडकी नाही. फुटलं की आत पांढरी नवरी. काय ते?”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती पाहत होती, जशी ती आभाळाकडे पाही, काय होणार आहे ते समजून घ्यायला.  

मग ती म्हणाली, “नाई बा, साहेब. मले नाई येत.”

सगळी सभा हसली. मास्तरांनी उपरण्यानं तोंड झाकलं. साहेब म्हणाले, “हरलात बाई! आता तिकडच्या रीतीप्रमाणं बेट द्या.”

“बेट म्हंजे काय, साहेब?”

“पाण्यातलं गाव समजा.”

आत्यानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आमच्या गावाचं नाव घेतलं. “देलं, साहेब. घ्या.”

पुन्हा हशा. साहेब मंडळींकडे वळून म्हणाले, “पाहिलंत? कल्पनाशक्तीची ही आपली अवस्था.” त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा गाव दिलं होतं आणि तेही आपलं स्वतःचं, हे त्या दालनात एकट्या मला माहीत होतं. मी खाली पाहत कागद गोळा केले.

दुपारच्या गाडीसाठी मी तिला स्टेशनवर पोचवायला गेलो. तिनं मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, म्हणजे मोकळा झालो असतो. ती शिव्या देईना. रिकामं पोतं घडी करून त्यावर बसली आणि रुळांकडे पाहत राहिली. शेवटी मीच बोललो.

“आत्या, तुले त येत होतं.”

“येते ना. माहंच हाय ते.”

“मंग काहून नाई सांगतलं?”

“तुले अमरावतीले जाचं हाय का नाई?”

 मग तिनं विचारलं, “तिकडचे लोक कोडे नाई घालत का?”

“घालतात.”

“मंग त्यायचे काहून नाई लिवले?”

“मले समजले नाई.”

“आन् माहे समजले?”

तेवढ्यात गाडी आली आणि ती डब्यात चढली.

पत्र गेलं. त्यात माझ्या संशोधक वृत्तीचा विशेष उल्लेख होता. मला अमरावतीला जागा मिळाली आणि बापानं आत्याच्या तोंडापुढं हात टेकले. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मी ‘करून राह्यलो’ म्हणालो तर मुलं हसली. महिन्याभरात मी असा बोलायला लागलो की वकीलसाहेबांना हेवा वाटावा. पुढं मी मराठी शिकवलं, त्याच मराठीवर नोकरी केली, आणि त्यावरच आज म्हातारपण काढतोय. मुलांच्या वह्यांत ‘मले’, ‘तुले’ सापडलं की मीही लाल शाईनं खोडत आलो. मास्तरांना मी मूर्ख म्हणतो तेव्हा हे विसरत नाही. मास्तरांना निदान ते ग्राम्य आहे असं खरोखर वाटायचं. मला तसं वाटत नव्हतं, तरी मी खोडत होतो.

पण हे नंतरचं. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी घरी गेलो तेव्हा वेचणी सुरू होती. घरी कुणी नव्हतं म्हणून सरळ शेतात गेलो. लांबूनच बायांचं हसणं ऐकू येत होतं. मी धुऱ्यावर पोचलो तशी ओळीतली एक म्हणाली, “थांबा वं, कॉलेजवाला आला.” आत्यानं मान वर केली, मला पाहिलं, “आला का? भाकर बांधून ठेवली हाय, झाडाखाली हाय, खाऊन घे,” म्हणाली आणि पुन्हा वाकली. ओळ गप्प झाली होती.

मी तिच्यामागं गेलो. म्हणालो, “आत्या, घाल ना एखादं. मले सोडवू दे.”

“तुले नाई.”

“काहून?”

ती वेचता वेचताच बोलली, माझ्याकडे न पाहता. आवाजात राग नव्हता, कुणाला वाट सांगावी तसं तिनं सांगितलं. “तू लिवून घेतं, राज्या. ह्या बाया लिवत नाई.”

मी तिथंच उभा राहिलो. ओळ पुढं सरकली. बरीच पुढं गेल्यावर आत्या शेजारच्या बाईच्या कानाशी वाकली आणि काहीतरी हळूच बोलली. त्या बाईनं ते पुढचीला सांगितलं, तिनं तिच्या पुढचीला. मग सगळी ओळ एकदम हसली. ते कोडं काय होतं, मला ऐकू आलं नाही.